इमॅक्सवर मराठी लिहिताना: आठ महिन्यांचा अनुभव

मी भाषांतराचं काम करते. दिवसभर मराठीच टंकते, त्यामुळे एडिटर चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: जोडाक्षरं लिहिताना आणि दुरुस्त करताना तो साथ देतो का. आठ महिन्यांपूर्वी लिनक्सवर इमॅक्स हा एडिटर (मजकूर लिहायचा प्रोग्राम) टाकला, २९वी आवृत्ती. आता रोजचं सगळं काम त्यातच होतं, पण पहिला महिना फार जड गेला.

पहिल्याच दिवशी फाइल सेव्ह होईना. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस दाबलं तर खालच्या पट्टीत आलं की ‘कंट्रोल-अनुस्वार’ नावाची कमांडच नाही. सिस्टीमचा कीबोर्ड इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीच्या कळींच्या मांडणीवर) होता, आणि इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या कळीवर अनुस्वार असतो. एक्स इमॅक्सपर्यंत पोचतच नव्हता. यावर उपाय असा: सिस्टीमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि भाषा इमॅक्सच्या आत बदलायची. कॉन्फिगमध्ये (इमॅक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) नेहमीची इनपुट मेथड, म्हणजे टंकायची पद्धत, म्हणून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ दिली. आता कंट्रोल-बॅकस्लॅश दाबलं की मराठी, परत दाबलं की इंग्रजी, आणि कमांड दोन्हीकडे चालतात. ज्यांना रोमन अक्षरांतून लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयट्रान्सही आहे.

मग फॉन्ट. कर्सर अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की ते अक्षर कुठल्या फॉन्टमधून आलंय ते दिसतं. मी देवनागरीपुरता ‘मुक्त’ लावला आणि थोडा लहान केला, कारण मराठी शब्द आला की ओळीची उंची उडी मारायची. २०२० साली आलेल्या २७व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीचं काम हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो, त्यामुळे रफार, रकार, अर्धी अक्षरं नीट दिसतात.

मला सर्वांत जास्त आनंद झाला तो एका छोट्या सेटिंगचा. ‘राष्ट्रीय’ मधलं ‘ष्ट्री’ इमॅक्ससाठी एकच घास असतो, कर्सर त्याच्या आत शिरत नाही. बॅकस्पेस दाबलं तर फक्त वेलांटी जाते, पण डिलीट दाबलं तर अख्खं ‘ष्ट्री’ गायब. मुद्रितशोधनात हे फार छळतं. २९व्या आवृत्तीत ‘कंपोझिशन-ब्रेक-ॲट-पॉइंट’ हा पर्याय आला. तो चालू केला की कर्सर जिथे असेल तिथलं जोडाक्षर तेवढ्यापुरतं सुटं होतं आणि मधलाच एखादा वर्ण बदलता येतो. लिहिताना अक्षरं अशी फुटलेली आवडत नाहीत, म्हणून तो मी एका कळीवर ठेवलाय आणि तपासतानाच लावते.

चौथ्या महिन्यात मात्र घाबरले. मोठ्या फाइलमध्ये अक्षर टंकलं की ते पडद्यावर उमटायला वेळ लागू लागला, आणि काम द्यायला दोन दिवस उरले होते. वाटलं, देवनागरीच जड जातेय. आधी कॉन्फिग न वाचता इमॅक्स उघडला (टर्मिनलमध्ये नावापुढे डॅश आणि कॅपिटल क्यू), तीच फाइल, तरी सुरळीत. म्हणजे दोष माझ्या फाइलीत नव्हता, कॉन्फिगमध्ये होता. मग इमॅक्सचा प्रोफायलर (कुठल्या कामात किती वेळ जातो ते मोजणारं साधन) चालू केला, दोन मिनिटं टंकलं, अहवाल पाहिला. बहुतेक वेळ शब्द मोजण्यात जात होता. खालच्या पट्टीत शब्दसंख्या दिसावी म्हणून मी कुठूनसा उचललेला तुकडा ‘पोस्ट-कमांड-हुक’वर टांगला होता, म्हणजे प्रत्येक कळीनंतर तो सगळी फाइल पुन्हा मोजायचा. आता तेच मोजणं दोन सेकंद हात थांबला तरच होतं. असा शोध मला दुसऱ्या कुठल्याच एडिटरमध्ये घेता आला नव्हता. तिथे मंद झालं की मंद, बस.

इमॅक्स सुरूच होईनासा झाला तर ‘डीबग-इनिट’ लावून उघडावा, चूक कुठे झाली ते पानभर सांगतो. ते पान पहिल्यांदा अंगावर येतं, पण त्यात आपल्या कॉन्फिगमधलं नाव शोधायचं. तेही नाही सापडलं तर कॉन्फिगचा अर्धा भाग बंद करायचा, मग उरलेल्याचा अर्धा. माझं कॉन्फिग जेमतेम दीडशे ओळींचं, त्यामुळे सात-आठ फेऱ्यांत माणूस चुकीच्या ओळीवर पोचतोच. आणि कुठली कळ काय करते हे विसरलं की कंट्रोल-एच, मग के, मग ती कळ.

ऑर्ग-मोडमधल्या (इमॅक्समधल्या टिपणं ठेवायच्या सोयीतल्या) तक्त्यांनी अजून थोडं सतावलंय. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे रकान्यांच्या उभ्या रेघा वाकड्या होतात. ‘व्हीअलाइन’ पॅकेज त्या पिक्सेलच्या हिशोबाने सरळ करतं. इमॅक्स टर्मिनलच्या आत चालवला तर मात्र हे चालत नाही, आणि जोडाक्षरं कशी दिसतील तेही टर्मिनलवरच ठरतं. म्हणून मराठीसाठी खिडकीतलाच इमॅक्स वापरा.

इतरांचं तयार कॉन्फिग घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या प्रत्येक ओळीच्या वर ती का घातली आणि कुठल्या तारखेला, हे मराठीत लिहिलेलं आहे. शब्दमोजणीची ओळही मी काढून टाकलेली नाही. जुना तुकडा तिच्याखालीच बंद करून ठेवलाय.