पेमगिरी ते माहुली : दोन दिवसांच्या इतिहास-सहलीचा अभिप्राय

गेल्या महिन्यात पुण्याहून निघालेल्या एका दोन दिवसांच्या इतिहास-सहलीला मी गेलो होतो. निजामशाही बुडाल्यावर शहाजीराजांनी एका बालराजपुत्राला गादीवर बसवून मोगलांशी तीन वर्षे दिलेली झुंज हा तिचा विषय होता. प्रवास, जेवण आणि गावातला मुक्काम धरून माणशी २,५०० रुपये घेतले. पहिला दिवस पाहता ते मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीला पोहोचल्यावर वाटाड्याने आम्हाला थेट गडावर नेले नाही. गावाजवळच्या प्रचंड वडाखाली, जमिनीत उतरून खोडासारख्या झालेल्या पारंब्यांमध्ये बसवून, जून १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने दौलताबाद घेतले आणि हुसेन निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली, तिथपासून त्याने सुरुवात केली. मग पायऱ्या चढून पेमादेवीच्या देवळापाशी आल्यावर, जिथे त्याच वर्षी मुर्तझा या बालराजपुत्राला निजामशहा म्हणून बसवण्यात आले, त्याच माथ्यावर उभे राहून आम्ही पुढचा भाग ऐकला. शहाजीराजांच्या या खटपटीला विजापूरच्या आदिलशाही दरबारातल्या मुरार जगदेवाचा पाठिंबा होता आणि सारा डाव त्या पाठिंब्यावर उभा होता, हे त्याने खडकात खोदलेल्या टाक्याच्या काठावर बसून इतके नीट समजावले की आमच्यातली शाळकरी मुलेही प्रश्न विचारू लागली. हरलेल्या लढ्याबद्दल इतक्या आस्थेने बोलणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला.

सोबत दिलेल्या छापील पुस्तिकेत मात्र एक चूक आहे आणि ती किरकोळ नाही. १६०० मध्ये मलिक अंबरने गादीवर बसवलेला मुर्तझा आणि १६३३ चा हा बाल मुर्तझा यांची तिने गल्लत केली आहे. मी हे आयोजकांच्या कानावर घातले. त्यांनी ते लगेच मान्य करून पुढच्या छपाईत दुरुस्ती करू असे सांगितले.

खरी तक्रार दुसऱ्या दिवसाची आहे. मे १६३६ मध्ये आदिलशहाने शाहजहानशी तह केला, कालपर्यंत पाठीशी असलेली विजापूरची फौज रणदुल्लाखानाच्या हाताखाली मोगलांच्या खानजमानाबरोबर शहाजीराजांवरच चालून आली आणि अखेर माहुली किल्ल्याच्या वेढ्यात मुर्तझाला मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्यानंतर शहाजीराजे आदिलशाही चाकरीत गेले. या कथेचा सगळा जीव माहुलीवर आहे. असे असताना आम्ही आसनगावला पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, आणि माहुलीची चढण भर उन्हात, लहान मुले बरोबर घेऊन, घाईने करण्याजोगी नाही. वरच्या लोखंडी शिडीपाशी निम्मी मंडळी थांबली. जे पुढे गेले त्यांना महादरवाजा आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या जेमतेम दहा मिनिटे पाहता आल्या. वेढ्याची हकिगत परतीच्या बसमध्ये, इंजिनाच्या आवाजात सांगितली गेली आणि मागच्या बाकांवर तिच्यातले काहीच ऐकू आले नाही.

ज्यांना पेमगिरी पाहायचे आहे त्यांनी ही सहल अवश्य करावी. आयोजकांना माझी एवढीच विनंती आहे की पहिल्या रात्रीचा मुक्काम माहुलीच्या पायथ्याशी ठेवावा आणि उजाडताच गड चढायला घ्यावा. तसे झाले तर मी पुन्हा पैसे भरून येईन.