बर्लिन की कॉम्रेड्स? ग्रुपने परदेशात पळायला जायचं तर

सकाळच्या रनिंग ग्रुपमध्ये परदेशातल्या रेसचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात: सप्टेंबरअखेरची बर्लिन मॅरेथॉन आणि दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स. दोन्हीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणून झोपेचं फारसं बिनसत नाही. बाकी सगळं वेगळं.

बर्लिनचा रस्ता सपाट. केनियाच्या किपचोगेने २०२२ मध्ये २:०१:०९ हा तेव्हाचा विश्वविक्रम इथेच केला. स्वतःची वेळ सुधारायची असेल तर इथेच जा. मर्यादा सव्वासहा तासांची, त्यामुळे सावकाश पळणाराही बसतो. सोबत आलेली घरची मंडळी मेट्रोने फिरत दोन-तीन ठिकाणी आपल्या माणसाला गाठू शकतात.

अडचण प्रवेशाची आहे. तो मुख्यतः सोडतीतून मिळतो. आठ जणांनी अर्ज केले आणि तिघांचीच नावं लागली तर ग्रुप घरीच फुटला. अधिकृत टूर कंपन्या हॉटेलसकट खात्रीचा प्रवेश देतात, पण तो महाग पडतो. नावं न लागलेल्यांनी तो घ्यायचा का, हे अर्ज भरण्याआधीच बोलून घ्या. निकालानंतर हीच चर्चा मनाला लागते.

कॉम्रेड्स म्हणजे डर्बन ते पीटरमॅरिट्सबर्ग. साधारणपणे एका वर्षी चढाचा मार्ग, दुसऱ्या वर्षी उताराचा. अंतर ८७ ते ९० किलोमीटरच्या आसपास. उताराचा म्हणून हुरळून जाऊ नका, मांड्यांचा खरा कस तिथेच लागतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅफमने मृत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये ही रेस सुरू केली. तेव्हा पळणारे होते ३४. आज मर्यादा बारा तासांची. बारा तास भरले की पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा असलेला अधिकारी बंदूक झाडतो, आणि एका पावलाने चुकलेल्यालाही पदक मिळत नाही.

तरीही ग्रुपसाठी माझा कौल कॉम्रेड्सला. तिथे ‘बस’ नावाची पद्धत आहे: एक अनुभवी धावपटू ‘ड्रायव्हर’ होतो, कुठे चालायचं, कुठे पळायचं ते ठरवतो आणि मागे मोठा घोळका एका लयीत जातो. वेगवेगळ्या वेगाचे मित्र बर्लिनला पहिल्या किलोमीटरलाच पांगतात. इथे इंचांगाच्या चढावर एकमेकांची गरज पडते. मात्र पात्रतेसाठी अलीकडच्या नियमाप्रमाणे ४ तास ५० मिनिटांच्या आतली मॅरेथॉन लागते. ग्रुपमधल्या अर्ध्यांची ती होत नसेल तर हट्ट सोडा, बर्लिन धरा.

खाण्याची काळजी डर्बनमध्ये करू नका. तिथे भारतीय वंशाची मोठी वस्ती आहे. पाव कोरून त्यात रस्सा भरलेला ‘बनी चाऊ’ बीन्स घालून शाकाहारीही मिळतो. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे तिकीट काढणार असाल तर यलो फीवरच्या लसीचे नियम आधी बघा. बर्लिनसाठी शेंगेन व्हिसा लागतो, त्याच्या अपॉइंटमेंटसाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवा.

भटकंती रेसनंतरच. बर्लिनची म्युझियम्स रेसच्या आदल्या दिवशी पाय खातात. कॉम्रेड्सनंतर जिन्याची पायरीही जड जाते, पण ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्याची सफारी जीपमध्ये बसून होते. त्याआधी पीटरमॅरिट्सबर्ग स्टेशनसाठी एक सकाळ राखा. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हेच स्टेशन.