पावले मोजणारा मनगटी पट्टा: कोकणातील घरात कितपत उपयोगी?

टाळेबंदीनंतर आमच्या रत्नागिरीत अनेक प्रौढांच्या मनगटावर पावले मोजणारा पट्टा दिसू लागला. दोन हजार रुपयांच्या आसपास मिळणारा असाच एक पट्टा आमच्या घरात मी, माझी पत्नी आणि गावी आगर सांभाळणारे काका अशा तिघांनी आलटूनपालटून वापरला. या किमतीचे बहुतेक पट्टे सारख्याच तऱ्हेने चालत असल्याने कंपनीपेक्षा त्याच्या उपयोगाविषयी लिहिणे मला महत्त्वाचे वाटते.

व्यायामशाळा बंद झाल्या याची चर्चा त्या काळात पुष्कळ झाली आणि महाराष्ट्रात त्या २०२० च्या दसऱ्याला पुन्हा उघडल्याही. पण कधीही व्यायामशाळेत न गेलेल्या माणसाचे जे चालणे बंद झाले, त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. एस.टी. स्टँडपासून कार्यालयापर्यंत, कार्यालयातून मासळी बाजारापर्यंत आणि संध्याकाळी मांडवीच्या जेटीपर्यंत होणाऱ्या चालण्याला आपण व्यायाम म्हणत नव्हतो, आणि म्हणूनच ते गेल्याचे लक्षात आले नाही. १८७ देशांतील साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या मोबाइलवरील पावलांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात, मार्च २०२० मध्ये महामारी जाहीर झाल्यानंतर दहा दिवसांत पावले सरासरी ५.५ टक्क्यांनी आणि तीस दिवसांत २७.३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. माझ्या पत्नीचे काही काम तेव्हापासून घरूनच चालते. घरून काम करण्याच्या दिवशी आपण किती कमी चालतो, हे तिला या पट्ट्यामुळे प्रथमच आकड्यांत दिसले आणि तिने संध्याकाळी भाट्याच्या पुळणीवर जाणे पुन्हा सुरू केले. एवढ्या एका कारणासाठीही मला हा खर्च योग्य वाटतो.

काकांचा अनुभव मात्र अगदी वेगळा आहे. टाळेबंदीतही त्यांचे शिंपणे, पातेरा गोळा करणे, कलमांची आळी करणे आणि पाखाडीवरून चढउतार करणे थांबले नव्हते. पण हा पट्टा मनगटाच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधतो, त्यामुळे डोक्यावरचे घमेले हाताने धरून माणूस चालू लागला की बरीच पावले नोंदीतून निसटतात, आणि विहिरीतून पाणी ओढण्याचे किंवा कोयत्याने गवत बेणण्याचे श्रम त्या आकड्यात धड उमटतच नाहीत. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री ‘उद्दिष्ट अपूर्ण’ असा संदेश दाखवणे मला अन्यायाचे वाटते. बागायतीत काम करणाऱ्यांनी हा पट्टा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पट्ट्यात आधीच भरलेले दहा हजार पावलांचे उद्दिष्टही बदलून घ्यावे. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावलेमापकामुळे रूढ झाला. तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेल्या शिफारशीत पावलांचा आकडा नसून, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवले आहेत. पट्ट्यावर चालण्याची मिनिटेही दिसतात. ज्याची पावले टाळेबंदीपासून रोडावली आहेत, त्याने ती मिनिटे पाहावीत आणि आपल्याच मागच्या आठवड्याशी तुलना करावी.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. पट्टा पावसात भिजून बिघडला नाही, परंतु घाम आणि खारी हवा यांमुळे चार्जिंगच्या धातूच्या टोकांवर हिरवट थर धरला आणि चार्जिंग अधूनमधून अडू लागले. पुळणीवरून आल्यावर पट्टा गोड्या पाण्याने धुऊन कोरडा केल्यास हा त्रास बराच कमी होतो. पावसाळ्यात रबराखालच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून रात्री तो काढून ठेवावा आणि शक्यतो कापडी पट्टी बसवता येईल असाच नमुना घ्यावा.