कुत्र्याला घेऊन राहायला कॅम्पिंग ट्रेलर: चार स्टार

ट्रेलर एकंदर मस्त, पण कुत्रा सोबत असेल तर नीट बघून घ्या. फ्लोअर व्हिनाइलचा आहे, कार्पेट नाही, त्यामुळे चिखलाचे पाय एका फडक्यात साफ. पायऱ्या मात्र जाळीच्या, आरपार दिसणाऱ्या, आमचे साहेब तिथेच अडून बसले, ढिम्म हलेनात, शेवटी वर जुनं पायपुसणं बांधलं तेव्हा कुठे चढले. एसी झकास आहे पण कॅम्पसाइटची लाइट गेली की तोही बंद आणि आत नुसती भट्टी, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच गार होतो, तेव्हा एसीच्या भरवशावर त्याला एकटं कोंडून फिरायला जाऊ नका. मोबाइलवर अलर्ट देणारा टेंपरेचर मॉनिटर तरी द्यायला हवा होता, एक स्टार त्याचाच कापला. गॅस अलार्म खाली जमिनीलगत आहे ते बरोबरच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, पण कुत्र्याचं बेड टाकायला जागा नेमकी त्याच्यासमोरच! झाकला जाणार नाही एवढं बघा. आणि हो, प्रवासात कुत्रा ट्रेलरमध्ये नाही, कारमध्येच, हार्नेस लावून. हे मालकाने न विचारता सांगितलं, ते आवडलं.