फोर्टच्या फुटपाथवर गुलामगिरीविरोधी कादंबऱ्या घेताना

फ्लोरा फाउंटनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या स्टॉलवर हॅरिएट बीचर स्टो या अमेरिकी लेखिकेचं ‘अंकल टॉम्स केबिन’ दिसलं तर आधी अनुक्रमणिका उघडा. मूळ कादंबरीत 45 प्रकरणं आहेत. पंधरा-वीसच असतील तर ती मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती, अभ्यासाला बिनकामाची. मग पुस्तक मधोमध उघडून कणा हलकेच दाबा. गोंद कडकडला की पावसाळ्यात पानं सुटलीच म्हणून समजा.

मार्टिन डेलनी या कृष्णवर्णीय अमेरिकी लेखकाची ‘ब्लेक’ ही कादंबरी मिळाली तर मात्र सोडू नका. 1859 ते 1862 दरम्यान ती नियतकालिकांतून आली आणि शेवटची प्रकरणं आजवर सापडलेली नाहीत, तेव्हा 74व्या प्रकरणाशी गोष्ट तुटली म्हणून विक्रेत्याशी हुज्जत नको. विज्ञानाच्या अंगाने वाचायला हीच सरस: पळणारे गुलाम ध्रुवतारा आणि होकायंत्र शिकतात. कवट्या मोजून वंशांची उतरंड लावणाऱ्या तेव्हाच्या ‘शास्त्रा’ला याहून नेमकं उत्तर कुठलं?

सोबत जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ (1873) घ्या. अर्पणपत्रिकेचं पान शाबूत आहे ना, तेवढं बघा. ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना उद्देशून आहे. भाव तिन्ही एकदम उचलूनच करा.