मेलबर्नच्या परसात इथलीच झाडं: सगळे ऋतू पाहिल्यावर

मेलबर्नच्या थंडीत कढीपत्ता जगवण्याची धडपड इथल्या अनेक मराठी घरांत चालते, आमच्याकडेही. पण गेल्या सप्टेंबरात, इथला वसंत सुरू होताना, अर्धं परस ऑस्ट्रेलियातल्याच खाण्याच्या झाडांना दिलं. आता चारही ऋतू झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वयंपाकात सगळ्यात जास्त आली ती वॉरिगल ग्रीन्स. जमिनीलगत पसरते, पानं त्रिकोणी नि मांसल, आणि उन्हात धरली तर त्यांवर बारीक कण चकाकतात. बी टणक असतं, रात्रभर भिजवून पेरलं. शेंडे खुडत राहिलं की फुटवे थांबतच नाहीत. मात्र ही भाजी कच्ची खायची नाही. पानांत ऑक्सलेट हा जास्त झाला तर बाधणारा पदार्थ भरपूर असतो, तो पाण्यात उतरतो. उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं पानं घालायची, ते पाणी फेकायचं, पानं गार पाण्यातून काढून पिळायची. अळू खाऊन वाढलेल्यांना ही काळजी नवी नाही. पुढे आपली नेहमीची ताकातली पातळ भाजी: हरभऱ्याची डाळ, दाणे, थोडं बेसन, वरून लसणाची फोडणी. पालकासारखा लगदा होत नाही, पान दाताखाली लागतं. १७७० मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या एन्डेव्हर जहाजावरच्या मंडळींनीही आजच्या सिडनीजवळच्या बॉटनी बे या उपसागराकाठी हीच पानं उकडून खाल्ली होती.

लेमन मर्टल मूळचं क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलातलं, त्यामुळे लहान रोपाला इथलं गोठलेलं दहिवर सोसत नाही. आमचं कुंडीत आहे, उत्तरेकडच्या भिंतीला टेकून, कारण इथे ऊन उत्तरेचं. गवती चहाला जो वास असतो तोच, पण कितीतरी तीव्र. पानात आंबटपणा नसल्यामुळे दूध फाटत नाही, हा त्याचा मोठा गुण. बासुंदीचा गॅस बंद केल्यावर दोन पानं टाकून झाकण ठेवा. उकळत ठेवलं तर निलगिरीसारखी चव येते.

सॉल्टबुशला पाणी जवळजवळ लागत नाही. पानांची भजी कुरकुरीत होतात, पण पानं मुळातच खारट, म्हणून पिठात मीठ अगदी कमी घाला.

माउंटन पेपरबाबत तक्रार आहे. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, मिरी फक्त मादीला धरते, तीही जवळ नर असेल तर. आम्ही रोप घेतलं त्या नर्सरीच्या चिठ्ठीवर याचा उल्लेखच नव्हता. विचारूनच घ्या. पानं मात्र वाळवून वापरता येतात. तिखटपणा जरा उशिरा चढतो, म्हणून रश्श्यात चिमूटभरच.

माझा जीव जडला तो मर्नॉन्गवर. पिवळं फूल, मान झुकवलेली कळी, खाली मुळ्यासारखे छोटे कंद. व्हिक्टोरियातल्या आदिवासी बायका खणायच्या काठीने हे कंद काढत आणि भाजत, हे त्यांचं रोजचं अन्न होतं. १८३५ नंतर गोऱ्या वसाहतकारांच्या मेंढ्यांनी माळच्या माळ चरून संपवले. म्हणून रानातलं एकही रोप उपटू नका, देशी झाडांच्या नर्सरीतूनच घ्या. उन्हाळ्यात वरचा पाला वाळतो, झाड मेलं समजून कुंडी रिकामी करू नका, कंद जिवंत असतो. भाजून तूप-मीठ लावलं की पुरे, मसाला नको. आम्ही थोडेच काढले, बाकीचे ठेवले. म्हातारी उडायच्या आत बीही गोळा केलं, ते ताजंच पेरावं.