ओबीडी स्कॅनर: आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि रेडिएटरच्या झाकणाबद्दल जरा अधिकच

जानेवारीत मी ८५० रुपयांना ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटमध्ये खोचून इंजिनाचे आकडे मोबाईलवर दाखवणारे छोटे यंत्र) घेतला, तो एकाच कारणासाठी. माझ्या २०१४ सालच्या पेट्रोल हॅचबॅकला तापमानाचा काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि भयंकर तापल्यावर लाल दिवा. मधले काहीही चालकाला कळू नये, असे ज्यांनी ठरवले त्यांनी उन्हाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गाडी चालवलेली नसावी. काटा अर्ध्याच्या वर सरकू लागला की माणूस वेळीच एसी बंद करून गाडी बाजूला घेतो. लाल दिव्याची वाट पाहायची, तर बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेले असते.

पहिले तीन महिने कासारवडवली ते वागळे इस्टेट या रोजच्या फेरीत मोबाईलवर ८८ ते ९२ अंश दिसत राहिले आणि हे मोठ्या माणसांचे खेळणे आहे, असे माझे मत झाले.

एप्रिलमधल्या एका दुपारी गायमुखच्या चढावर रांगेत अडकलो. गाडीत आम्ही चौघे, एसी चालू. आकडा ९७ झाला, मग १०१, मग १०४, आणि एकाएकी ८१ वर उतरला. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्या दोनच मिनिटांत बॉनेटच्या कडेने वाफ येऊ लागली. स्कॅनर स्वतः काही मोजत नाही. इंजिनातला सेन्सर जे सांगतो तेवढेच तो दाखवतो. कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी होऊन सेन्सर उघडा पडला की तो कूलंटचे नव्हे, तर भोवतालच्या हवेचे तापमान सांगू लागतो. तापलेल्या गाडीचा आकडा विनाकारण झपाट्याने उतरला, तर ती चांगली बातमी नसते, हे मला त्या दिवशी कळले.

सर्व्हिस सेंटरने रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि मजुरी मिळून १४,२०० रुपयांचे एस्टिमेट दिले आणि ‘हेड गॅस्केटचं नंतर बघू, साहेब’ अशी पुस्तीही जोडली (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यातली सील). कूलंटची पातळी तपासली का, असे विचारल्यावर तिथल्या मुलाने रेडिएटरशेजारच्या, जादा कूलंट साठवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीकडे बोट दाखवले. बाटली खरोखरच मॅक्सच्या रेषेपर्यंत भरलेली होती. तपासणीचे ५९० रुपये भरून मी गाडी परत आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये रेडिएटरचे झाकण उघडले. (गरम असताना ते कधीही उघडू नये, दाबाखालचे कूलंट उसळून तोंडावर येते.) आत सव्वा लिटर कूलंट कमी होते आणि शेजारची बाटली मात्र काठोकाठ भरलेली. या विसंगतीतच सगळे उत्तर होते. माझ्या गाडीच्या झाकणावर १.१ हा आकडा कोरलेला आहे. तेवढा बार दाब ते धरून ठेवते आणि त्यामुळे निम्मे कूलंट व निम्मे पाणी असलेले मिश्रण १०७ अंशांच्या आसपास न उकळता १२५ च्या पुढे जाईपर्यंत टिकते. इंजिन गार होताना याच झाकणातून बाटलीतले कूलंट परत ओढले जाते. माझ्या झाकणाचे रबर चिरलेले होते. गरम असताना दाब टिकत नसे, कूलंट बाटलीत जाऊन तिथून सांडत असे, आणि गार होताना बाटलीतल्या कूलंटऐवजी चिरेतून बाहेरची हवा आत येत असे. म्हणून बाटली कायम भरलेली आणि रेडिएटर रोज थोडा थोडा रिकामा. नवे झाकण २८० रुपयांना मिळाले.

येथेच थांबलो असतो, तर मे महिन्यात पुन्हा अडकलो असतो, आणि इथे मला स्कॅनरबद्दलचे मत बदलावे लागले. झाकण बदलून कूलंट भरल्यावर गाडी उभी ठेवून एसी लावला आणि आकडा पाहत राहिलो. रेडिएटरचा पंखा गप्पच होता. १०५ ला तो एकदम जोरात सुरू झाला, ९६ ला बंद झाला, आणि पुन्हा तेच. माझ्या गाडीच्या पंख्याला दोन गती आहेत आणि कमी गती एका रेझिस्टरमार्फत मिळते. तो जळाल्याने फक्त जास्त गती उरली होती. उभ्या गाडीत एसीलाही हाच पंखा लागतो; कापूरबावडीच्या सिग्नलला एसी कोमट हवा टाकतो आणि गाडी धावू लागली की गार होतो, हे मी महिनाभर उन्हाच्या माथी मारत होतो. वागळे इस्टेटमधल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मजुरीसह ६५० रुपयांत रेझिस्टर बदलला. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत नव्हते, म्हणजे इंजिनातला वायू कूलंटमध्ये शिरत नसावा, म्हणून हेड गॅस्केटची भीतीही मी तूर्त सोडून दिली.

त्यानंतर मे महिन्याच्या उन्हातही आकडा ९९ च्या वर गेलेला नाही. स्कॅनरचा एक त्रास आहे: तो लावून ठेवला तर बंद गाडीतही वीज खातो. एकदा चार दिवस गाडी उभी राहिली आणि सेल्फने मान टाकली. आता उतरताना मी तो काढून ठेवतो.

ऑगस्टमध्ये नियमित सर्व्हिससाठी गाडी त्याच सेंटरला दिली. देण्यापूर्वी झाकण आणि रेडिएटरचे तोंड यांच्यावरून मास्किंग टेपची एक बारीक पट्टी लावली होती. बिलावर ‘कूलंट पातळी तपासली’ या ओळीपुढे बरोबरची खूण आहे. पट्टी जशीच्या तशी आहे.